मधल्या पानांचे गणित मांडणारा गणिती

दिवाळीत लक्ष्मीपूजन आटोपले, फराळाची ताटे उचलली गेली, की नागपुरातील प्रतापनगरसारख्या वसाहतींत अनेक घरी सतरंजी अंथरली जाते आणि तीन पत्तीचा डाव रंगू लागतो. बूट पडतो, चाली वाढत जातात, एकेक जण पॅक होतो आणि अखेरीस दोघेच उरतात. समोरच्याने मोठी चाल टाकलेली असते आणि आपल्या हाती असते ती अठ्ठ्यांची साधी जोडी. टाकून द्यावीत इतकी ही पाने वाईट नव्हेत आणि छातीठोकपणे चाल वाढवावी इतकी चांगलीही नव्हेत. समोरच्याकडे खरोखरच मोठी पाने आहेत, की तो नुसता आव आणतो आहे? पैसे मोजून ‘शो’ मागावा, की मुकाट्याने पाने खाली ठेवावीत?

घरोघरी हसण्यावारी नेला जाणारा हा प्रश्न विसाव्या शतकातील एका असामान्य गणितज्ञाने मात्र अत्यंत गांभीर्याने घेतला. तीन पत्तीचा थोरला भाऊ शोभावा अशा पोकर या खेळातून त्याने एका नव्या शास्त्राचा पाया घातला. त्याचे नाव जॉन फॉन नॉयमान.

फॉन नॉयमान यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट येथे एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील बँकेच्या व्यवसायात होते. मुलाची बुद्धी बालपणापासूनच थक्क करणारी होती. पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळविणारे यूजीन विग्नर हे शाळेत त्यांच्या एक वर्ष पुढे होते. मुलाने केवळ गणिताच्या मागे लागून पोट कसे भरावे, ही चिंता त्या काळच्या बापालाही होतीच. त्यामुळे वडिलांच्या समाधानासाठी झुरिचमधून रसायन अभियांत्रिकीची पदविका आणि स्वतःच्या समाधानासाठी बुडापेस्टमधून गणितातील डॉक्टरेट, असा दुहेरी संसार त्यांनी १९२६ पर्यंत एकाच वेळी तडीस नेला.

त्यानंतर ते गटिंगन येथे डेव्हिड हिल्बर्ट यांच्या सान्निध्यात आले. १९२८ मध्ये त्यांचा बैठ्या खेळांच्या सिद्धान्तावरील निबंध प्रसिद्ध झाला. फ्रेंच गणितज्ञ एमिल बोरेल यांनी या विषयाला आधी स्पर्श केला होता. परंतु त्यातील मूलभूत प्रमेय सिद्ध केले ते फॉन नॉयमान यांनी. दोन खेळाडूंच्या ज्या खेळात एकाचा लाभ म्हणजे दुसऱ्याची तेवढीच हानी असते, तेथे प्रत्येकाला असे एक धोरण सापडतेच की, प्रतिस्पर्ध्याला ते ठाऊक झाले तरी ठरावीक मर्यादेपलीकडे तो आपले नुकसान करू शकत नाही, असे या प्रमेयाचे सार आहे. मात्र त्यासाठी कित्येकदा आपली चाल दैवावर सोपवावी लागते.

१९३० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले आणि १९३३ मध्ये तेथील इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी या संस्थेत प्राध्यापक झाले. अल्बर्ट आइनस्टाइन तेथे त्यांचे सहकारी होते. पुढे १९४८-४९ च्या सुमारास दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीही याच संस्थेत काही काळ व्यतीत केला. प्रिन्स्टनमध्येच अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि १९४४ मध्ये दोघांचा खेळांचा सिद्धान्त व आर्थिक वर्तन यांवरील ग्रंथ प्रकाशित झाला. या जाडजूड ग्रंथातील एक विभाग पोकर आणि त्यातील बतावणी यांना वाहिलेला आहे.

या विवेचनाचे पुढे पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेले एक सोपे रूप पाहू. दोघांनी सारखा बूट टाकला. पहिल्याने एक तर पाने उघडी करावीत किंवा मध्ये जमलेल्या रकमेइतकी चाल टाकावी. दुसऱ्याने एक तर पाने टाकून द्यावीत किंवा तेवढीच रक्कम भरून शो मागावा. आता सर्व संभाव्य पानांच्या, वाईटापासून चांगल्यापर्यंत, सारख्या नऊ पायऱ्या कल्पू. गणित असे सांगते की, पहिल्याने वरच्या दोन पायऱ्यांवर चाल टाकावी आणि अगदी तळाच्या एका पायरीवरही टाकावी. मधल्या सहा पायऱ्यांवर मात्र गप्प राहावे. म्हणजे बतावणी करायची ती सर्वांत टाकाऊ पानांवर, मध्यम पानांवर नव्हे.

दुसऱ्याने मात्र वरच्या चार पायऱ्यांवर शो मागावा. खालून सहावी आणि सातवी पायरी येथे पाहण्यासारखी आहे. स्वतःहून चाल टाकावी अशी ती पाने नव्हेत. तरीही समोरच्याची चाल आल्यास त्यांच्यावर पैसे मोजावेत, असा निर्वाळा मिळतो. या पायऱ्यांवरून मागितलेला शो तीन वेळांपैकी एकदाच, म्हणजे समोरचा बतावणी करीत असतानाच, जिंकतो. जिंकला तर दोन हिस्से पदरात पडतात आणि हरला तर एक हिस्सा जातो. अर्थात दीर्घकाळच्या हिशेबात नफाही नाही आणि तोटाही नाही.

मग असा शो मागायचा तरी कशासाठी? फॉन नॉयमान यांच्या विचारातील खरी मेख येथे आहे. मधल्या पानांवर आपण नेहमीच माघार घेतो, हे एकदा का समोरच्याच्या ध्यानी आले, की तो बतावणीचा सपाटा लावील आणि बूट दरवेळी त्याच्याच घरी जाईल. मध्यम पानांवरील शो त्या डावापुरता काही मिळवून देत नाही. तो प्रतिस्पर्ध्याला मर्यादेत ठेवतो. उलट बाजूने, जो प्रत्येक चालीला शो मागतो त्याच्यापुढे चतुर खेळाडू बतावणी सोडून देतो आणि केवळ चांगल्या पानांवर त्याचा खिसा रिकामा करतो. भित्रा आणि हट्टी असे दोघेही सारखेच बुडतात. किती वेळा पाहायचे आणि किती वेळा सोडायचे याचे प्रमाण चालीच्या आकारावरून ठरते, चेहऱ्यावरून नव्हे.

हे सारे मांडणारा गणिती प्रत्यक्षात पट्टीचा जुगारी होता असे मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉस येथे अणुबॉम्बच्या कामात गुंतलेले शास्त्रज्ञ फावल्या वेळी पोकर खेळत. तेथे निकोलस मेट्रोपोलिस यांनी फॉन नॉयमान यांच्याकडून दहा डॉलर जिंकले, त्यांतील पाच डॉलरना त्यांचाच ग्रंथ विकत घेतला आणि उरलेले पाच विजयचिन्ह म्हणून त्याच्या आतील बाजूस चिकटवून ठेवले, अशी आठवण स्टॅनिस्लाव उलाम यांनी नोंदवली आहे. त्यांच्या द्वितीय पत्नी क्लारा यांच्या आठवणींतही माँटे कार्लो येथे रूलेटवर स्वतःची पद्धत आजमावून खिसा रिकामा केलेले फॉन नॉयमान भेटतात.

युद्धोत्तर काळात त्यांच्या बुद्धीला अनेक दिशा फुटल्या. साठवलेल्या आज्ञावलीवर चालणाऱ्या संगणकाची १९४५ मध्ये त्यांनी मांडलेली रचना जगभर स्वीकारली गेली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा त्याच परंपरेतला. त्यांचे राजकीय विचार मात्र वादग्रस्त ठरले. सोव्हिएत संघावर वेळीच आघात करावा, या मताकडे त्यांचा कल होता. ज्या खेळात दोघांचीही हानी होऊ शकते तेथे पोकरचा हिशेब पुरा पडत नाही, हा आक्षेप त्यावर पुढे घेतला गेला.

१९५५ मध्ये ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी त्यांना कर्करोगाने ग्रासल्याचे निदान झाले. १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हस्ते सन्मान स्वीकारताना ते चाकांच्या खुर्चीत होते. आयुष्यभर धर्माविषयी उदासीन राहिलेल्या या बुद्धिवाद्याने अखेरच्या दिवसांत रुग्णालयात कॅथलिक धर्मगुरूला बोलावून घेतले, तेव्हा मित्र चकित झाले. ईश्वर असण्याची शक्यता अल्प असली तरी पणाला लागलेले मोल अपार आहे, या पास्कलच्या पैजेशी काहींनी त्याचा संबंध जोडला. तसे असेल, तर हाती मधलीच पाने असताना त्यांनी मागितलेला तो अखेरचा शो होता. मृत्यूचे भय मात्र त्यामुळे ओसरले नाही, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी लिहून ठेवले आहे. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांनी रुजवलेल्या बीजाचा वृक्ष मात्र वाढतच गेला. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील लिब्राटस या आज्ञावलीने दोघांच्या पोकरमध्ये नामांकित व्यावसायिकांना नमवले, ते याच विचारांच्या बळावर. भारतात २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली आहे आणि जुगारापायी उद्ध्वस्त झालेली घरे पाहता त्यामागील चिंता समजण्यासारखी आहे. या थोर गणितज्ञाचा धडा तसाही पैसे कमावण्याचा नव्हताच. घासाघीस करणारा व्यापारी असो, निविदा भरणारा कंत्राटदार असो वा धमकी देणारा शेजारी, आपण कधीच शो मागत नाही हे कळलेल्या माणसासमोर आपली पाने चांगली असूनही उपयोगी पडत नाहीत.