विषाणूची रचना उलगडणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिन

रिहे गाव ज्या मुळशी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील हिंजवडीत कोरोनावरील देशातील पहिली एमआरएनए लस विकसित झाली. जून २०२२ मध्ये तिच्या तातडीच्या वापरास मान्यता मिळाली. न्यूक्लिक आम्लाचा विषाणूविरुद्ध असा उपयोग करता येण्यापूर्वी विषाणू घडतो कसा, हे कळणे आवश्यक होते. ते कळण्यात रोझलिंड फ्रँकलिन यांचा मोठा वाटा आहे. डीएनएच्या छायाचित्रासाठी त्यांचे नाव घेतले जाते. आयुष्याची अखेरची पाच वर्षे मात्र त्यांनी विषाणूंच्या अभ्यासात घालविली.

लंडनमधील एका सधन ज्यू कुटुंबात २५ जुलै १९२० रोजी त्यांचा जन्म झाला. केंब्रिज येथे रसायनशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर कोळशाच्या सूक्ष्म रचनेवरील संशोधनासाठी त्यांना १९४५ मध्ये पीएचडी मिळाली. पुढे पॅरिसमध्ये क्ष-किरणांच्या साह्याने पदार्थाची अंतर्गत रचना ओळखण्याचे तंत्र त्यांनी आत्मसात केले.

जानेवारी १९५१ मध्ये त्या लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये आल्या. त्यांच्या मार्गदर्शनाखाली रेमंड गॉस्लिंग यांनी मे १९५२ मध्ये टिपलेले डीएनएचे छायाचित्र पुढे जगभर गाजले. सहकारी मॉरिस विल्किन्स यांनी ते त्यांना न विचारता जेम्स वॉटसन यांना दाखविले. एप्रिल १९५३ मध्ये वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएची दुहेरी सर्पिल रचना जाहीर केली. त्याच अंकात फ्रँकलिन यांचाही निबंध होता. मात्र श्रेय दुसरीकडे गेले.

विल्किन्स यांच्याशी त्यांचे कधीच जुळले नाही. मार्च १९५३ मध्ये त्या बर्कबेक कॉलेजात जे. डी. बर्नाल यांच्याकडे गेल्या. तेथे त्यांनी तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणारा टोबॅको मोझॅक विषाणू अभ्यासाला घेतला. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हा दांडीसारखा विषाणू ३०० नॅनोमीटर लांब व १८ नॅनोमीटर जाड असतो. एकाच प्रथिनाचे सुमारे २,१३० घटक त्यात चक्री जिन्याप्रमाणे रचलेले असतात. आरएनएचा धागा मधल्या पोकळीत नसून प्रथिनांच्या भिंतीतच, अक्षापासून ४ नॅनोमीटरवर गुंफलेला असतो, हे फ्रँकलिन यांनी १९५६ मध्ये दाखविले. त्याआधीच, १९५५ मध्ये, अमेरिकेत या विषाणूचे प्रथिन व आरएनए वेगळे करून पुन्हा एकत्र ठेवण्यात आले होते. तेव्हा विषाणू आपोआप जुळून आला आणि रोपांना संसर्गही करू लागला. विषाणू ही सुटी करता येणारी व पुन्हा जुळणारी बांधणी आहे, हे या दोन शोधांतून स्पष्ट झाले.

१९५६ मध्येच फ्रँकलिन यांना अंडाशयाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाल्यावरही त्या प्रयोगशाळेत येत राहिल्या. मुलांना पांगळे करणाऱ्या पोलिओच्या विषाणूचे काम त्यांनी याच काळात हाती घेतले. ते पूर्ण होण्यापूर्वीच, १६ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्समध्ये जागतिक प्रदर्शनाचे उद्‌घाटन झाले. त्यांनी घडविलेली विषाणूची प्रतिकृती तेथे मांडण्यात आली होती.

पोलिओचे काम आरन क्लुग व जॉन फिंच यांनी पूर्ण केले आणि १९५९ मधील निबंध त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. वॉटसन, क्रिक व विल्किन्स यांना १९६२ मध्ये, तर क्लुग यांना १९८२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

विषाणूची बांधणी कळल्यावर ती अडविण्याचे मार्गही दिसू लागले. एचआयव्हीला पेशीत शिरण्यापासून रोखणारे एन्फुविर्टाइड हे ३६ अमिनो आम्लांचे पेप्टाइड २००३ मध्ये औषध म्हणून मान्य झाले. म्युनिकमधील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये डीएनएच्या घड्या घालून नॅनोकवचे तयार केली आणि हेपॅटायटिस बी विषाणूचे गाभे त्यांत कोंडून दाखविले. हे तंत्र रुग्णांपर्यंत पोचायचे आहे. विषाणू ज्या प्रथिनांनी व न्यूक्लिक आम्लाने घडतो, त्याच द्रव्यांनी त्याला अडविण्याच्या या प्रयत्नांमागे फ्रँकलिन यांची ती पाच वर्षे उभी आहेत.