रेव्हरंड टिळक आणि त्यांचा ‘देवाचा दरबार’

विद्यार्थी मित्रांनो, ‘टिळक’ हे नाव घेतले की आपल्या डोळ्यांसमोर लोकमान्य उभे राहतात. परंतु त्याच काळात, त्याच कोकणच्या मातीत, आणखी एक टिळक होऊन गेले. ‘केवढे हे क्रौर्य!’ ही त्यांची कविता तुमच्या आजी-आजोबांनी शाळेत पाठ केलेली असेल. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेली, तरीही पिलांसाठी चारा घेऊन घरट्याकडे धडपडणारी पक्षीण त्यात आहे. ही कविता लिहिणारे नारायण वामन टिळक मराठी वाचकांत ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ओळखले जातात. ते रेव्हरंड होते, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, हेही बऱ्याच जणांना माहीत असते. मात्र आयुष्याच्या अखेरीस त्यांनी साताऱ्यात जो एक वेगळा प्रयोग आरंभला, त्याची माहिती फार थोड्यांना आहे. त्या प्रयोगाची आणि त्यामागील माणसाची ही ओळख.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणांचे. वडील वामनराव कडक स्वभावाचे, तर आई जानकीबाई प्रेमळ आणि काव्याची आवड असलेली. आई लवकर गेली आणि त्या घरातील ऊब संपली. लहान वयातच नारायणराव घर सोडून नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृतचे शिक्षण घेतले. पोटासाठी शिकवण्या करायच्या, कीर्तन-प्रवचने ऐकायची, कविता करायच्या आणि मन रमले नाही की दुसऱ्या गावाची वाट धरायची, असे त्यांचे दिवस गेले.

१८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. हीच मुलगी पुढे लक्ष्मीबाई टिळक या नावाने मराठी साहित्यात अमर झाली. तिच्या माहेरी सोवळ्या-ओवळ्याचे वेड पराकोटीचे होते. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घेतली जात नसे. अशा घरातली ही मुलगी आणि तिचा पती मात्र लहरी, उदार, हातात पैसा आला की दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा संसार इतक्या मोकळेपणाने रंगविला आहे, की वाचताना हसू आणि डोळ्यांत पाणी दोन्ही एकदम येते.

नागपूरला असताना टिळकांनी आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम केले. देशाची अवनती का झाली, जातिभेदाच्या भिंती कशा पडतील, हे प्रश्न त्यांच्या मनात सतत घोळत. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या. त्याने बायबलची एक प्रत देऊन ती नियमाने वाचण्याची विनंती केली. टिळकांनी शब्द दिला आणि पाळला. येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचता वाचता आपल्या प्रश्नांची उत्तरे येथे आहेत, असे त्यांना वाटू लागले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो भारतीय पाळकाच्या हातूनच व्हावा, हा त्यांचा आग्रह होता.

या निर्णयाची किंमत मोठी होती. त्या काळी धर्मांतर म्हणजे जिवंतपणी मरण. आप्त तुटले, जात तुटली आणि पत्नीही दुरावली. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या. चार-साडेचार वर्षे पती-पत्नी वेगळी होती. दोघांचाही एकमेकांवर जीव, पण मध्ये संपूर्ण समाज उभा. आपल्या श्रद्धेसाठी आपण स्वतः सोसावे हे टिळकांना मान्य होते. आपल्या श्रद्धेपायी दुसऱ्याचे घर मोडावे, हे शल्य मात्र त्यांना लागले असणारच. त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहिले की हे जाणवते.

अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरला त्यांच्याकडे आल्या, त्या आपला धर्म न सोडता. टिळकांनी त्यांच्यावर कसलीही सक्ती केली नाही. त्यांचे सोवळे सांभाळले जाईल अशी व्यवस्था करून दिली. एकाच घरात ख्रिस्ती पती आणि सोवळ्यात स्वयंपाक करणारी हिंदू पत्नी, असा तो संसार होता. पुढे राहुरीला असताना, जात ही देवाने केलेली नसून माणसाने केलेली आहे, असे विचार करता करता लक्ष्मीबाईंना स्वतःलाच उमगले आणि त्या दिवसापासून त्यांनी शिवाशिव टाकून दिली. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हाच काळ छप्पनच्या दुष्काळाचा, ज्याला आपल्या गुजरातेत छप्पनियो म्हणतात. दुष्काळाने पोरकी केलेली मुले टिळकांच्या घरात आली. ज्या लक्ष्मीबाई एकेकाळी परक्याच्या हातचे पाणी घेत नसत, त्याच आता कोणाच्याही मुलाला मांडीवर घेऊन भरवू लागल्या.

त्या घरात कवीही येत. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले, त्यात टिळकांचा मोठा वाटा होता. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या आतल्या मुलाने आपली कविता म्हटली आणि संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. हेच डॉ. कीर्तिकर पुढे १९०९ साली आपल्या बडोद्यात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे बडोदेकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. बालकवींना टिळकांनी आपल्या घरी नेले. नगरला ते त्या कुटुंबातीलच एक होऊन राहिले. एका ख्रिस्ती उपदेशकाच्या घरी ब्राह्मणाचा मुलगा मुलासारखा राहत होता, आणि हिंदू म्हणूनच राहत होता.

टिळक नगरला धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १८४२ पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे ते १९१२ पासून अखेरपर्यंत संपादक होते. मंडळींतून गायिली जाणारी बरीच गाणी तेव्हा इंग्रजी चालींवरची, भाषांतरित होती. मराठी कानाला आणि मनाला ती परकी वाटत. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा टिळकांच्या आधीच सुरू झाली होती. टिळकांनी तिला खऱ्या कवीची वाणी दिली. अभंग, ओवी, पद या आपल्या छंदांत त्यांनी शेकडो भक्तिगीते रचली. ज्ञानेश्वर-तुकारामांना त्यांनी कधीच सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताच्या चरणांशी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. ‘अभंगांजली’तील त्यांची रचना वाचताना वारकरी परंपरेत वाढलेल्या माणसाला ओळखीचा सूर लागतो तो यामुळेच. आजही मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत त्यांची गीते गायिली जातात.

परंतु टिळकांचे मन समाधानी नव्हते. त्यांच्यासमोर एक प्रश्न उभा होता. ख्रिस्तावर प्रेम करणारा माणूस आपल्या शेजाऱ्यापासून, आपल्या आळीपासून, आपल्या माणसांपासून तुटून मिशनच्या आवारात राहायला जातो. तेथे त्याला नोकरी मिळते, आसरा मिळतो, पण गावाच्या दृष्टीने तो परका होतो. परदेशी पैशावर चालणारी आणि परदेशी माणसांच्या हुकमात असलेली मंडळी या देशाला आपली कशी वाटेल? शिवाय ख्रिस्ताला गुरू मानणारी, पण बाप्तिस्मा न घेतलेली माणसे त्यांच्या ओळखीची होती. त्यांना बाहेरच उभे ठेवायचे काय?

येथे थोडे मागे वळून पाहू. ख्रिस्ती धर्माच्या आरंभी देवळे नव्हती. पहिली कित्येक वर्षे शिष्य एकमेकांच्या घरी जमत, एकत्र जेवत, प्रार्थना करीत. अक्विला आणि प्रिस्किल्ला या तंबू बनविणाऱ्या जोडप्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीचा उल्लेख नव्या करारात आहे. सीरियातील ड्युरा-युरोपोस येथे उत्खननात तिसऱ्या शतकातील एक घर सापडले. त्यातील खोल्या उपासनेसाठी बदलून घेतलेल्या होत्या. शेजारी शेजाऱ्याला बोलावीत होता आणि अशा रीतीने हा धर्म पसरत होता. आपल्याकडील भक्तिमार्गाची रीतही फार निराळी नव्हती. ओसरीवर भजन, अंगणात कीर्तन, येणाऱ्याने यावे आणि बसावे. दांडिया बाजारातील जुन्या वाड्यांतून ज्यांनी भजनी मंडळे पाहिली आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यांचा संन्यास अरण्यात जाण्याचा नव्हता. पगार, पद आणि मान यांचा तो त्याग होता. पत्नी आणि घर त्यांनी टाकले नाही, उलट घराचे दार सर्वांना उघडे केले. दरबार म्हणजे ख्रिस्ताच्या शिष्यांचा बंधुवर्ग. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही बरोबरीने सामील होऊ शकत होते. आपली माणसे, आपली भाषा, आपली राहणी न सोडता, जेथे आहोत तेथेच राहून एकत्र भक्ती आणि सेवा करावी, ही त्यामागील कल्पना होती.

ही कल्पना पटणे सोपे नव्हते. बाप्तिस्म्याशिवाय शिष्य कसला, हा जुन्या मंडळींचा प्रश्न. धर्मांतराचा हा नवा मार्ग तर नव्हे, ही हिंदू समाजाची शंका. दोन्ही बाजूंनी विचारणे स्वाभाविक होते. बाप्तिस्मा हा ख्रिस्ती उपासनेचा पायाच आहे, आणि टिळकांनी स्वतः त्यासाठी सर्वस्व पणाला लावले होते. ज्याने ती किंमत मोजली, त्यानेच ती दुसऱ्याकडून वसूल करण्यास नकार द्यावा, हा त्यांच्या मनाचा मोठेपणा होय. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे, की ठरावीक पगार सुटल्याचा भार लक्ष्मीबाईंवर पडला. उदार माणसाच्या उदारतेचा हिशेब घरातील बाईला चुलीपाशी जुळवावा लागतो, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना पानोपानी कळते. दरबाराच्या इतिहासात लक्ष्मीबाईंचे नाव टिळकांच्या बरोबरीने घेतले पाहिजे.

दरबाराला पुरेसा काळ मिळाला नाही. टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ५७ वर्षांचे. त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. तो एका माणसाच्या प्रेमावर उभा होता आणि त्याला सांभाळणारी व्यवस्था अजून तयार झालेली नव्हती.

काही धागे मात्र पुढे गेले. टिळकांनी येशूचे चरित्र सांगणारे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले होते, त्याचे सुमारे दहा-अकरा अध्यायच झाले होते. ज्यांना शाळेचे तोंडही पाहायला मिळाले नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहून ते पूर्ण केले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या आणि ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली प्रसिद्ध झाले. टिळकांच्या सहवासात आलेले इंग्रज पाद्री जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ साली ‘ख्रिस्त सेवा संघ’ हा आश्रम स्थापन केला. तेथे भारतीय आणि युरोपियन मंडळी भारतीय राहणीने एकत्र राहत. १९२३ साली विन्स्लो यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्रही लिहिले. आज महाराष्ट्रात आणि गुजरातेत ख्रिस्ती कुटुंबे आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनेसाठी जमतात, शेजाऱ्यांनाही बोलावतात. ही रीत पहिल्या शिष्यांइतकी जुनी आहे. टिळकांनी तिला मराठी अंगण दिले, असे म्हणता येईल.

मित्रांनो, आपण बडोद्याचे मराठी लोकही आपल्या मूळ गावापासून दूर येऊन येथे पिढ्यान् पिढ्या राहिलो. आपली भाषा, आपले सण आणि आपली गाणी घराघरांतून जपली म्हणूनच ती टिकली. टिळकांच्या चरित्रातून आपण एक गोष्ट जरूर घ्यावी. स्वतःच्या श्रद्धेवर ठाम असलेल्या या माणसाने वेगळ्या श्रद्धेच्या पत्नीचे सोवळे सांभाळले आणि वेगळ्या धर्माच्या मुलाला आपल्या घरी वाढू दिले. आपल्या वर्गात, आपल्या सोसायटीत निरनिराळ्या धर्मांची मुले आहेत. त्यांच्या घरी जावे, त्यांना आपल्या घरी आणावे. पालकांना एवढीच विनंती, की येत्या सुट्टीत ‘स्मृतिचित्रे’तील काही पाने मुलांना वाचून दाखवावीत. मुले खूप हसतील, आणि वाचता वाचता या वेगळ्या टिळकांशी त्यांची आपोआप ओळख होईल.