महादजी शिंद्यांची बोलणी

पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल मळवली स्टेशनवर थांबते. स्टेशनच्या एका बाजूला लोहगड आणि विसापूर हे किल्ले आहेत, तर दुसऱ्या बाजूला कार्ल्याच्या लेण्यांचा डोंगर. सुटीच्या दिवशी येथे सहलींची गर्दी असते. १७७९ सालच्या जानेवारी महिन्यात मात्र या भागातून इंग्रजांची फौज पुण्यावर चालून जात होती. तिला अडवणाऱ्या मराठी सरदारांत महादजी शिंदे हे प्रमुख होते.

महादजी हे राणोजी शिंदे यांचे पुत्र. त्यांचे घराणे सातारा भागातील कण्हेरखेडचे. १७६१ साली पानिपतच्या लढाईत त्यांचा पाय जबर जखमी झाला आणि तो जन्मभर अधूच राहिला. त्या वेळी राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून वाचवले. महादजींनी हे उपकार कधीच विसरले नाहीत. त्यांनी राणेखानाला भाऊ मानले आणि आपल्या फौजेत सरदार केले. पुढे १७८८ साली दिल्लीत बादशहा शाहआलम यांचे डोळे काढणाऱ्या गुलाम कादिरावर महादजींनी फौज पाठवली. त्या फौजेचा प्रमुख हाच राणेखान होता.

आता पुन्हा मावळात येऊ. १७७३ साली पेशवे नारायणराव यांचा खून झाला. त्यांचे काका रघुनाथराव यांना पेशवेपद हवे होते. नाना फडणवीस व इतर कारभाऱ्यांनी विरोध करताच रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. १७७६ साली कलकत्त्याच्या इंग्रज सरकारच्या वतीने कर्नल अप्टन याने पुरंदरचा तह केला आणि रघुनाथरावांना मदत न करण्याचे कबूल केले. पण मुंबईच्या इंग्रजांनी तो तह मोडला. सुमारे ३,९०० सैनिक आणि १९,००० बैल घेऊन त्यांची फौज बोरघाट चढून वर आली.

कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट हा इंग्रज अधिकारी ठार झाला. तो फार शूर होता. मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ असे नाव दिले. फाकडा म्हणजे शूर, ऐटदार. शत्रूचेही असे कौतुक करण्याची रीत तेव्हा होती. मराठ्यांनी वाटेतील धान्य आणि चारा जाळून टाकला होता. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोहोचले, तेव्हा ते गावही जळालेले होते. शेवटी ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून ते मागे फिरले. मराठ्यांनी त्यांना वडगावजवळ चारी बाजूंनी घेरले.

इंग्रजांनी फार्मर नावाच्या आपल्या चिटणीसाला बोलणी करण्यासाठी पाठवले. रघुनाथरावांना आमच्या स्वाधीन करा आणि तह करा, अशी मराठ्यांची मागणी होती. फार्मरने सांगितले, की कलकत्त्याच्या परवानगीशिवाय तह करण्याचा अधिकार आम्हाला नाही. अशा वेळी कोणालाही राग आला असता. फौज हाताशी होती आणि शत्रू कोंडीत सापडला होता. पण महादजींनी धमकी दिली नाही. त्यांनी एवढेच विचारले, की मग कर्नल अप्टनने केलेला तह मोडण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? या प्रश्नाला उत्तर नव्हते. इंग्रजांनी होम्स नावाच्या अधिकाऱ्याला पूर्ण अधिकार देऊन महादजींकडे पाठवले. रघुनाथरावही नानांकडे न जाता महादजींच्याच स्वाधीन झाले.

१७७३ पासून जिंकलेला मुलूख परत करण्याचे इंग्रजांनी कबूल केले. फार्मर आणि दुसरा एक अधिकारी यांना ओलीस ठेवून बाकीची फौज सुखरूप मुंबईला गेली. महादजींनी स्वतःचा फायदाही पाहिला. त्यांना भडोच आणि त्यांच्या नोकरांना ४१,००० रुपये देण्याचे ठरले. हे सांगितलेच पाहिजे, नाहीतर गोष्ट अर्धीच राहील.

मुंबईला पोहोचल्यावर इंग्रजांनी हा तह मानला नाही. रघुनाथरावही वाटेतून निसटले. तेव्हा शत्रूला सोडून देण्यात चूक झाली, असे म्हणणारे आहेत. महादजींच्या मनात मात्र बोलण्याची वाट बंद झालेली नव्हती. १७८० साली त्यांनी दोन्ही ओलिसांना इजा न करता परत पाठवले. लढाई चालूच राहिली. त्याच वर्षी ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी घेतला. अखेर १७ मे १७८२ रोजी सालबाई येथे तह झाला. साष्टी बेट इंग्रजांकडे राहिले, पण त्यांनी रघुनाथरावांची बाजू सोडली. हा तह दोन्ही पक्षांनी पाळावा म्हणून महादजी जामीन राहिले. जामीन हा शब्द तुम्हाला उर्दूतूनही ओळखीचा असेल. एकमेकांशी लढलेल्या दोन्ही पक्षांनी त्यांचाच शब्द पुरेसा मानला. त्यानंतर सुमारे वीस वर्षे इंग्रज आणि मराठे यांच्यात युद्ध झाले नाही.

घरातील भांडण मात्र याहून अवघड होते. १७९२ साली महादजी पुण्यास आले. उत्तरेतील खर्चाच्या हिशोबावरून त्यांच्यात आणि नानांमध्ये तेढ वाढली होती. महादजींना बादशहाकडून मोठे मान मिळाले होते, तरी ते स्वतःला पाटील म्हणवीत. पेशव्यांच्या भेटीत ते सर्वांच्या खाली बसले, असे सांगतात. नानांचा संशय त्यामुळे एकदम गेला नाही. पुष्कळ दिवस पत्रे आणि निरोप चालू होते. अखेर हरिपंत फडके यांनी मध्ये पडून समेट घडवला.

त्यानंतर महादजी फार दिवस जगले नाहीत. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे त्यांचे निधन झाले. तेथे त्यांची छत्री आहे.