उजेडाचा गणिती : जोझेफ पेट्झवाल

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मावसबहिणीचे लग्न झाले. अल्बम घरी आला तेव्हा सर्वांनी कौतुक केले. मुंडावळ्यांतला मोती न् मोती मोजून घ्यावा असा दिसत होता. पण घरच्या मंडळींच्या एकत्र फोटोत खुर्च्यांवर बसलेले सारे स्पष्ट आणि मागच्या रांगेत उभे असलेले मामा मात्र पुसट! मांडवापासून पंगतीपर्यंत सगळा भार ज्यांनी वाहिला, नेमके तेच ओळखू येईनात. कार्यालयात उजेड कमी, म्हणून फोटोग्राफरने लेन्सचे छिद्र, म्हणजे अॅपर्चर, पूर्ण उघडले होते. असे का होते हे शोधताना ज्या माणसाची गाठ पडली, त्याची ही ओळख.

जोझेफ पेट्झवाल यांचा जन्म ६ जानेवारी १८०७ रोजी हंगेरीतील सेपेशबेला या गावी झाला. आज ते गाव स्पिश्स्का बेला या नावाने स्लोव्हाकियात आहे. गाव जागच्या जागी राहते आणि सरहद्द सरकते, हे आपल्या भागातील वाचकांना वेगळे सांगायला नको. वडील शिक्षक होते. पेस्ट येथे जोझेफ अभियांत्रिकी शिकले, काही वर्षे त्यांनी अभियंता म्हणून नोकरी केली आणि १८३७ साली ते व्हिएन्ना विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली. साऱ्या युरोपात गाजावाजा झाला. पण माणसाचा फोटो काढणे हे दिव्यच होते. त्या वेळच्या लेन्सचे छिद्र लहान, साधारण एफ १५ एवढे. एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या. म्हणून आकडा मोठा तेवढे छिद्र लहान. उजेड थोडा, त्यामुळे उन्हात कित्येक मिनिटे पुतळ्यासारखे बसावे लागे. पापणी लवली, मान हलली की चेहरा बिघडलाच.

एटिंग्सहाउझेन या सहकाऱ्याच्या आग्रहावरून पेट्झवाल यांनी हा प्रश्न हाती घेतला. तोवर चष्मे-दुर्बिणी करणारे कारागीर बहुधा भिंगे घासून, जोडून, अंदाजाने लेन्स जमवीत. पेट्झवाल यांनी आधी कागदावर किरणांचा मार्ग मोजला. आकडेमोड एवढी अफाट, की मदतीला तोफखान्यातले हिशेबात तरबेज सैनिक देण्यात आले. १८४० साली चार भिंगांची लेन्स सिद्ध झाली. तिचा आकडा होता एफ ३.६. गणित करून पाहा : १५ भागिले ३.६ म्हणजे चारपटीहून थोडे अधिक, आणि त्याचा वर्ग सुमारे सतरा. म्हणजे सतरापट उजेड! मिनिटांचे काम सेकंदांवर येऊ लागले. जगभरचे फोटो स्टुडिओ या लेन्सवर उभे राहिले.

पण छिद्र मोठे केले की स्पष्टतेची खोली घटते. दोन मीटरवर बसलेल्या माणसाचा जेमतेम वीतभर पट्टा रेखीव येई. डोळे साधले तर कान पुसट. शिवाय या लेन्समध्ये मध्यभाग धारदार आणि कडा मऊ. त्यामागचा प्रतिमेच्या वक्रतेचा नियम पेट्झवाल यांनीच मांडला. एकट्याच्या चेहऱ्याला हे शोभे. समूहाला चालत नसे. म्हणून पुढे छिद्र असलेल्या पितळी पट्ट्या लेन्समध्ये सरकवून उजेड कमी आणि खोली जास्त करण्याची सोय निघाली.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे अशी गोष्ट यापुढेच आहे. लेन्स तयार केली व्हिएन्नाच्या फोइग्टलेंडर यांनी. पेट्झवाल यांना एकदाच २००० गुल्डन मिळाले; नफ्यातील वाट्याचा पक्का करार झालाच नाही. लेन्स हजारोंनी खपल्या. दोघांत वितुष्ट आले आणि १८४९ मध्ये फोइग्टलेंडर यांनी जर्मनीत ब्राउनश्वाइग येथे कारखाना काढला. किरणाचा मार्ग बिनचूक आखणाऱ्याने स्वतःच्या हक्काचा हिशेब मात्र उघडा ठेवला होता.

पुढे आणखी घाव बसला. १८५९ साली त्यांच्या घरी चोरी झाली आणि प्रकाशशास्त्रावरील हस्तलिखित नाहीसे झाले. त्यांनी तो विषय सोडला. व्हिएन्नाबाहेर काहलेनबर्ग टेकडीवरील जुन्या मठात ते राहत आणि तेथून घोड्यावर बसून शिकवायला येत. उशिरा लग्न झाले. पत्नी चारच वर्षांत वारली. १८७७ मध्ये ते निवृत्त झाले आणि सप्टेंबर १८९१ मध्ये एकाकी अवस्थेत त्यांचे निधन झाले. चंद्राच्या पलीकडील बाजूच्या एका विवराला आज त्यांचे नाव आहे.

आता आमच्या अल्बमकडे पाहताना मला फोटोग्राफरचा राग येत नाही. वधूवरांचा जोडफोटो घेताना दोघे एका अंतरावर असतात. तेथे एफ २.८ चालतो, मागची गर्दी विरघळते. तीन रांगा उभ्या केल्या की एफ ८ पर्यंत छिद्र लहान करावे, दिवे वाढवावेत, थोडे मागे सरकावे. अंधारात छिद्र उघडले तर कोणीतरी मागे राहणारच. आमच्या घरात पुढचे लग्न मामांच्या मुलीचे आहे. त्या वेळी मागच्या रांगेची आठवण करून द्यायला मी फोटोग्राफरशेजारी उभा राहणार आहे.