उसन्या शब्दांचा धनी

गाणे नेमके कोणाचे? लिहिणाऱ्याचे, चाल बांधणाऱ्याचे, की गळ्यातून काढणाऱ्याचे? आपल्या भावगीतांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याला फारसा छळत नाही. कवी एक, संगीतकार दुसरा आणि गायक तिसरा, ही वाटणी आपण केव्हाच मान्य करून टाकली आहे. परंतु अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुणांनी १९७० नंतरच्या दशकात जी रॅप नावाची गायकी जन्माला घातली, तिचा दंडक निराळा आहे. ठेक्यावर यमके जुळवीत म्हणायची ही गायकी गाण्यापेक्षा बोलण्याला अधिक जवळची. तेथे जो बोलतो त्याने स्वतःचेच बोलावे, अशी अपेक्षा असते. दुसऱ्याने लिहून दिलेले म्हणणारा तेथे हलका समजला जातो. आणि तरीही या क्षेत्रात एक असा माणूस नायक होऊन बसला, की ज्याची बहुतेक गाणी इतरांनी लिहिलेली होती. त्याचे नाव एरिक लिन राईट. जग त्याला ईझी-ई या नावाने ओळखते. एन.डब्ल्यू.ए. या गाजलेल्या समूहाचा तो संस्थापक. त्या समूहापेक्षाही त्याच्या एकट्याच्या नावावर निघालेल्या गाण्यांनी मला अधिक विचारात पाडले, म्हणून हा लेखनप्रपंच.

एरिकचा जन्म ७ सप्टेंबर १९६४ रोजी कॅलिफोर्नियातील कॉम्प्टन या गावी झाला. लॉस एंजेलिस महानगराच्या दक्षिणेला वसलेले हे गाव. एके काळी कृष्णवर्णीय मध्यमवर्गाने येथे मोठ्या उमेदीने घरे घेतली होती. पुढे आसपासचे कारखाने बंद पडत गेले, रोजगार आटला आणि १९८० नंतर क्रॅक कोकेन नावाच्या स्वस्त मादक पदार्थाने गल्लीबोळ व्यापले. एरिकचे घर मात्र उनाड नव्हते. वडील टपाल खात्यात नोकरीला, आई शाळेत कामाला. मुलाने दहावीच्या सुमारास शाळा सोडली आणि रस्त्यावरचा धंदा धरला. मादक पदार्थ विकून त्याने पैसा केला. आपल्या एका भावकीतल्या मुलाचा खून झाल्यावर या वाटेचा शेवट कोठे होतो हे त्याला दिसले आणि जमवलेला पैसा त्याने गाण्याच्या धंद्यात घालायचे ठरवले. १९८७ साली जेरी हेलर या अनुभवी व्यवस्थापकाला हाताशी धरून त्याने रूथलेस रेकॉर्ड्स ही कंपनी काढली.

येथवर तो केवळ मालक होता. गाण्याचा त्याचा विचारच नव्हता. न्यूयॉर्कहून आलेल्या एका जोडीकडून एक गाणे म्हणवून घ्यायचे ठरले होते. ते लिहिले होते आईस क्यूब या किशोरवयीन मुलाने, आणि संगीत होते डॉ. ड्रे या तरुणाचे. कॉम्प्टनमधल्या एका पोराचा एक दिवस त्यात वर्णिलेला होता. न्यूयॉर्कच्या मंडळींना त्यातली बोली परकी वाटली, तसे म्हणणे त्यांना रुचेना आणि ती स्टुडिओतून निघून गेली. देशाच्या या टोकाची बोली त्या टोकाला चालत नाही, हे आपल्याला नवे नाही. वऱ्हाडात लिहिलेला संवाद मुंबईच्या नटाच्या तोंडी कसा अवघडतो, हे आपल्या स्नेहसंमेलनातही दिसते. स्टुडिओचे भाडे तर चढत होते. तेव्हा ड्रेने मालकालाच पुढे केले. तमाशाच्या फडात ऐन वेळी गडी पळाला म्हणून फडमालकानेच अंगात अंगरखा चढवून बोर्डावर उभे राहावे, तसा हा प्रकार झाला.

एरिकला तालात बोलता येत नव्हते. ड्रेने त्याच्याकडून एकेक ओळ म्हणवून घेतली, चुकली की पुन्हा, पुन्हा चुकली की पुन्हा, आणि ते तुकडे जोडून गाणे उभे केले. त्याचा आवाज बारीक, चिरका, थोडा नाकातला. उंची बेताची. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर काळी टोपी. पण त्या आवाजात शिकवलेल्या गायकाचा घोटीवपणा नव्हता, आणि तेच कामी आले. ऐकणाऱ्याला वाटले, की हा गात नाही, गल्लीतल्या कट्ट्यावर बसून सांगतो आहे. ‘बॉइज इन द हूड’ नावाची ती तबकडी मोटारीच्या डिकीतून विकली गेली आणि बघता बघता पश्चिम किनाऱ्यावर गाजली.

वक्तृत्व स्पर्धेत दुसऱ्याने लिहून दिलेली भाषणे आपल्यापैकी अनेकांनी म्हटली असतील. मीही म्हटली आहेत. शब्द सरांचे असतात, पण मंचावर उभे राहिल्यावर भीती आपली असते, थरथर आपली असते. काही वेळा तेच शब्द दुसऱ्याच्या तोंडी मेलेले वाटतात आणि एखाद्याच्या तोंडी जिवंत होतात. ईझीचे काही असेच असावे. क्यूब चांगल्या घरात वाढलेला, लिखाणात तरबेज. पण त्याने जे रस्त्यावरचे जीवन पाहिले आणि शब्दांत मांडले, ते ईझी प्रत्यक्ष जगला होता. एकाकडे भाषा होती, दुसऱ्याकडे अनुभव. हा सौदा दोघांनाही मानवला.

१९८८ साली ‘ईझी डझ इट’ हा त्याचा एकट्याच्या नावाचा पहिला संग्रह आला. नाव एकट्याचे, पण लेखणी आईस क्यूब, एम.सी. रेन आणि डी.ओ.सी. यांची, व संगीत ड्रे आणि येला यांचे. अमेरिकेत त्याच्या २० लाखांहून अधिक प्रती खपल्या. याच सुमारास समूहाचा ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ आला आणि पोलिसांविरुद्धच्या त्यातील एका गाण्याने खळबळ माजवली. १ ऑगस्ट १९८९ रोजी एफ.बी.आय. या केंद्रीय तपास संस्थेच्या एका अधिकाऱ्याने वितरक कंपनीला नाराजीचे पत्र धाडले. त्या पत्राने गाण्याचा खप कमी न होता प्रसिद्धी मात्र दुणावली.

या गाण्यांविषयी लिहिताना एक गोष्ट टाळून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. त्यांत शिव्या आहेत, बंदुकीची बढाई आहे आणि स्त्रियांविषयी जे बोलले आहे ते कोणत्याही सुसंस्कृत वाचकाला खुपेल असेच आहे. पोलिसांच्या जुलमाविरुद्धचा आवाज म्हणून यांचे कौतुक करणारे लोक या भागावर पांघरूण घालतात. मला ते पटत नाही. जुलूम सोसणारा माणूस आपल्याहून दुबळ्यावर जुलूम करू शकतो, हे सत्य या गाण्यांत उघडे पडले आहे. ते ऐकावे, पण डोळे उघडे ठेवून ऐकावे.

उसन्या शब्दांची किंमत लवकरच चुकवावी लागली. आपण लिहितो, पण पैसा मालक आणि व्यवस्थापक यांच्याकडे राहतो, असे म्हणत १९८९ च्या अखेरीस आईस क्यूब समूह सोडून गेला. १९९१ साली समूहाचा नवा संग्रह अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला, आणि त्याच वर्षी ड्रेही गेला. त्याला मोकळे करण्याच्या कागदांवर आपल्याकडून धाक दाखवून सह्या घेतल्या गेल्या, असा ईझीचा आरोप होता. लेखक गेला, संगीतकार गेला. ज्या आवाजाला या दोघांनी घडवले, तो आवाज आता खरोखरच एकटा पडला. डिसेंबर १९९२ मध्ये ईझीची एक छोटी ध्वनिमुद्रिका आली, पण त्याच महिन्यात ड्रेचा ‘द क्रॉनिक’ प्रसिद्ध झाला आणि त्याच्या झगमगाटात ती झाकोळून गेली. एवढेच नव्हे, तर त्यातल्या एका गाण्याच्या चित्रफितीत ईझीसारखा दिसणारा नट उभा करून त्याची यथेच्छ टवाळी केली होती.

येथे दुसरा कोणी असता तर संपला असता. ईझीने मात्र आपले जुनेच कसब वापरले: माणसे हेरण्याचे. कॉम्प्टनमधल्याच ड्रेस्टा आणि बी.जी. नॉक आउट या दोन भावांना त्याने जवळ केले आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये ड्रेला जबाब देणारी मुद्रिका काढली. ड्रे पूर्वी ज्या नाचगाण्याच्या समूहात होता, तेथला चकचकीत पोशाखातला त्याचा फोटो छापून त्याने हिशेब चुकता केला. यादीत ती पाचव्या क्रमांकापर्यंत चढली आणि तिच्याही २० लाखांवर प्रती गेल्या. गंमत म्हणजे करारानुसार ड्रेच्या ‘द क्रॉनिक’च्या कमाईतला वाटाही ईझीच्या कंपनीला मिळत होता. शत्रू शिव्या देत होता आणि त्याचा पैसा याच्या गल्ल्यात पडत होता!

या माणसाला एका चौकटीत बसवू म्हणाल तर तो बसत नाही. मार्च १९९१ मध्ये वर्गणी भरून तो वॉशिंग्टनला रिपब्लिकन पक्षाच्या भोजनसमारंभास गेला. तेथे अध्यक्ष जॉर्ज बुश यांचे भाषण होते. रॉडनी किंग या कृष्णवर्णीयाला पोलिसांनी बेदम मारल्याचा केंद्रीय खटला १९९३ साली चालला, तेव्हा हाच पोलीसविरोधी गायक आरोपी असलेल्या चौघांपैकी एका पोलिसाची बाजू घेऊन न्यायालयात बसू लागला. त्या शिपायाने मारहाण थांबवण्याचा प्रयत्न केला होता, असे त्याचे म्हणणे. त्याच्या लोकांना ते मुळीच रुचले नाही. क्लीव्हलँडच्या गरीब पोरांचा ‘बोन थग्ज एन हार्मनी’ हा समूहही त्यानेच उजेडात आणला. झपाट्याने बोलता बोलता सुरात गाण्याची त्यांची तऱ्हा तेव्हा अगदी नवी होती.

फेब्रुवारी १९९५ मध्ये खोकल्याने व श्वास लागून तो बेजार झाला आणि लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय रुग्णालयात दाखल झाला. दमा असावा असे वाटले होते, निघाला एड्स. त्या काळी हा आजार समलिंगी पुरुषांचा आणि सुईने नशा करणाऱ्यांचा, असा समज त्याच्या श्रोत्यांत घट्ट रुजलेला होता. मर्दपणाची बढाई मारणाऱ्या या जगातल्या नायकाला तो होतो, हे कोणाच्या गावीही नव्हते. १६ मार्च रोजी त्याच्या वकिलाने पत्रकारांसमोर त्याचे निवेदन वाचून दाखवले. दया मागण्यासाठी नव्हे तर तरुणांना सावध करण्यासाठी हे जाहीर करतो आहोत, असा त्याचा आशय होता. दूर गेलेले जुने सोबतीही चौकशीला आले. ड्रे रुग्णालयात आला. २६ मार्च १९९५ रोजी, अवघ्या तिसाव्या वर्षी, एरिक राईटचा मृत्यू झाला. एड्सवरची परिणामकारक एकत्रित औषधयोजना १९९६ च्या सुमारास प्रचारात आली. एकाच वर्षाचे अंतर!

जानेवारी १९९६ मध्ये त्याचा अखेरचा संग्रह निघाला. त्याचे नाव आपल्या वार्षिकांकात छापण्याजोगे नाही. त्याच वर्षी ‘बोन थग्ज’च्या पोरांनी त्याच्या स्मरणार्थ केलेले ‘द क्रॉसरोड्स’ हे गाणे अमेरिकेत ८ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि पुढे त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

आयुष्यभर त्याने इतरांचे शब्द आपल्या आवाजात म्हटले. अखेरीस त्याच्या नावाचे शब्द मात्र दुसऱ्याच्या आवाजात जगासमोर आले. मला ती निव्वळ दैवगती वाटत नाही. एकट्याची कारकीर्द म्हणून जिला आपण ओळखतो, तिच्यात किती जणांचे हात असतात, हे त्याच्या आयुष्याइतके उघड क्वचितच कोठे दिसेल. हे हात ज्याने ओळखले आणि एकत्र आणले, तो गुणी होताच. त्या हातांना त्यांचे माप तो पुरते घालू शकला असता, तर कदाचित त्याची सोबत इतक्या लवकर तुटली नसती. त्याची गाणी लागली, की मी आता त्या चिरक्या आवाजामागची लेखणी कोणाची, हे आधी पाहतो. आणि मग पुन्हा त्या आवाजाकडेच कान देतो, कारण ते शब्द दुसऱ्या कोणाच्या तोंडी मला तितके खरे वाटत नाहीत.