सावित्रीबाई फुले : साथीत सेवा करणाऱ्याचीही काळजी
सावित्रीबाई फुले तुम्हाला शिक्षिका म्हणून माहीत आहेत. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ असताना त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी वस्तीबाहेर, ससाणे मळ्यात दवाखाना काढला. सावित्रीबाई तिथे रुग्ण आणत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून नेले. त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेग पिसवांमार्फत पसरतो, हे १८९८ मध्ये दिसून आले.

वेगळी जागा होती, डॉक्टर होते. सेवा करणाऱ्यासाठी संरक्षण नव्हते. आज तुमच्याकडे ते आहे. गडचांदूरमध्ये ताप-खोकल्याची साथ आली, तर घरातल्या एकानेच रुग्णाची सेवा करा, मास्क लावा, हात साबणाने धुवा. लस उपलब्ध असेल तर वेळेत घ्या. स्वतःला ताप आला, तर लगेच दवाखाना गाठा.