गाडगेबाबांनी नेमकं काय सोडलं?

त्याग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? भगवी वस्त्रं, हिमालय, ध्यानाला बसलेला साधू? मग जरा गाडगेबाबांकडे बघा. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगं. हिमालय नाही, गावाची गटारं.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. वडील दारूपायी लवकर गेले. डेबू मामाकडे दापुऱ्याला वाढला, शेतात राबला. मुलीच्या बारशाला मटण आणि दारूची पंगत द्यायची, अशी जातीतली रीत. त्यानं गोडाचं जेवण वाढलं. लोक चिडले, हा हटला नाही. पुढे कीर्तनांतूनही नवसाच्या बोकडबळीवर ते तुटून पडत. खरंच आहे, दुसऱ्याचा जीव देण्यात आपण काय सोडतो?

फेब्रुवारी १९०५ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, त्यांनी घर सोडलं. मागे आई, बायको कुंताबाई, लेकरं. हे तुम्हाला खटकेल, आणि खटकायलाच हवं. त्या त्यागाची किंमत कुंताबाईंनीही मोजली. पुढे कोवळ्या वयाचा मुलगा गोविंदा गेला. ती बातमी आली तेव्हा बाबा कोकणात कीर्तन करत होते. कीर्तन थांबलं नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. गाव झाडायचं, रात्री कीर्तन, मिळेल ती भाकरी. लोकांनी विश्वासानं पैसा दिला. त्यातून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. शाळा, वसतिगृहं निघाली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. कशावरच स्वतःचा किंवा नातलगांचा हक्क ठेवला नाही.

गीतेचा अठरावा अध्याय कर्म सोडायला सांगत नाही, फळावरचा हक्क सोडायला सांगतो. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हे ते जगले. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ, प्रवासातच त्यांचा देह पडला. आज विदर्भातल्या हजारो पोरांच्या डिग्रीवर त्यांचं नाव असतं.

घर सोडणं अवघड, पण आपणच उभं केलेलं सोडणं त्याहून अवघड. पुढच्या एनएसएस शिबिरात झाडू हातात घ्याल, तेव्हा एकच करा. फोटो न काढता झाडून बघा. नेमकं काय सुटत नाही, ते लगेच कळेल.